अर्ध्या किमतीची नववी

जून उजाडला की हुबळीजवळच्या नवनगरातल्या बापांकडे बघवत नाही. मे महिन्यात आंबे खाऊन जरा बाळसं धरलेलं असतं, ते एक तारखेला उतरतं. फी भरा, बिल्डिंग फंड भरा (कुठली बिल्डिंग, कुणाची बिल्डिंग, विचारायची सोय नाही), गणवेश शिवा, बूट आणा, छत्री आणा, वह्या आणा, आणि एवढं सगळं झाल्यावर पुस्तकं आणा. बरं, पोरांना शाळेत पाठवू नये म्हणावं तर तीच घरी बसून आपलं डोकं खातात. म्हणजे दोन्हीकडून मरण बापाचंच.

जयतीर्थ हा त्या बापांपैकीच एक, पण जरा वरच्या दर्जाचा. तारिहाळला एका पंपाच्या कारखान्यात तो स्टोअरकीपर होता, आणि पंधरा वर्षं नटबोल्ट मोजून मोजून त्याच्या अंगात एक गोष्ट मुरली होती की जगातली कुठलीही वस्तू नवी घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. घरात बायको इंदुमती आणि एकुलती एक मुलगी वेदश्री. गोष्ट सत्त्याण्णव सालची. वेदश्री तेव्हा नुकतीच आठवीत गेली होती.

पुस्तकांच्या बाबतीत नवनगरात एक रीत होती. ज्याचं पोर आपल्या पोराच्या एक यत्ता पुढे, त्याचं घर गाठायचं, विसार द्यायचा आणि त्याची पुस्तकं पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची. दर ठरलेले होते. स्वच्छ पुस्तकाला निम्मी किंमत. पेनाने खरडलेलं असलं तर तिसरा हिस्सा. फाटकं असलं तर ज्याच्या त्याच्या मनाला येईल ते. पेन्सिल चालते, कारण ती खोडता येते. हे दर कुठे छापलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि पेन्सिल चालते हे कलम तर खुद्द जयतीर्थाने भांडून घालून घेतलं होतं.

त्याच्या मागच्या ओळीत गोदूबाई राहायच्या. नवरा रेल्वेत, मालगाडीचा गार्ड, महिन्यातले वीस दिवस गाडीवर. त्यांचा श्रीहर्ष वेदश्रीच्या एक वर्ष पुढे, त्यामुळे पाचवीपासून तिची प्रत्येक यत्ता हर्षाकडून उतरलेली. हर्षा स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायचा, म्हणजे अभ्यास कमी आणि खाणं जास्त. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकाला सांबाराचा वास आणि भूगोलात अख्ख्या आफ्रिकेवर तूप. त्या मुलीला चार वर्षांत नव्या पुस्तकाचं एक पान उलटायला मिळालं नव्हतं.

ती हट्टी मुळीच नव्हती. वर्गात पहिली यायची, आपला अभ्यास आपण करायची, मागणं कधी काही नाही. आठवीच्या जुन्या पुस्तकांना कव्हर घालताना फक्त एकदाच म्हणाली, "अप्पा, नववीला तरी नवी घ्याल? एकदाच." जयतीर्थ म्हणाला, बघू. बापाच्या 'बघू'चा अर्थ काय असतो ते तुम्हांआम्हांला सांगायला नको, पण तिने तो होकार धरला. तिने होकार धरलाय हे जयतीर्थाला कळलं, आणि कळूनही तो गप्प बसला.

त्याच आठवड्यात बातमी आली की देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांची बायको, हेमावतीबाई, गोदूबाईंकडे नववीच्या पुस्तकांची चौकशी करून गेली. झालं, जयतीर्थाचं डोकं तापलं. ज्याच्या दवाखान्यात नुसतं आ करून जीभ दाखवली की तीस रुपये जातात, त्याच्या घरात जुनी पुस्तकं जाणार आणि आपण बघत बसणार? त्याच संध्याकाळी पंचवीस रुपये विसार आणि परसातली एक पपई घेऊन तो गोदूबाईंकडे गेला आणि हर्षा ज्यावर शिकेल ती पुस्तकं आपली, असं ठरवून नववीचा संच राखून आला. परत येताना त्याला आठवलं की आपण मुलीला 'बघू' म्हटलं होतं. पण दिलेला विसार परत मागायचा म्हणजे अब्रू गेली. शिवाय निम्म्या पैशात मिळणारी वस्तू पूर्ण पैसे देऊन घेतली तर या माणसाला रात्री झोप लागली नसती.

आता स्टोअरकीपर माणूस. राखलेला माल कुठल्या स्थितीत आहे ते बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. दर रविवारी सकाळी चहा झाला की तो गोदूबाईंकडे जायचा आणि आठही पुस्तकं जमिनीवर मांडून तपासायचा. मग त्याने हर्षाला नियम घालून दिले. बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही. कोपरा दुमडायचा नाही. जेवताना पुस्तक जवळ घ्यायचं नाही. आणि उघडायचं ते निम्मंच, पूर्ण उघडलं की शिवण उसवते. हर्षाने मनापासून मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदाच एक मोठा माणूस त्याला पुस्तक उघडू नकोस असं सांगत होता, आणि त्याला जयतीर्थाबद्दल जे प्रेम वाटायला लागलं ते अगदी खरं होतं. ऑगस्टपर्यंत तो पुस्तकं निम्मीही उघडेनासा झाला. कपाटात रचून वरून फडकं टाकायचा. जयतीर्थ रविवारी फडकं उचलायचा, कोऱ्या करकरीत कडांवरून हात फिरवायचा आणि घरी येऊन इंदुमतीला सांगायचा की हर्षा आता पहिल्यासारखा राहिला नाही, फार सुधारला.

ऑक्टोबरात सहामाहीचा निकाल लागला. हर्षा सगळ्या विषयांत नापास. गणितात शंभरपैकी सात. पास झाला तो फक्त शारीरिक शिक्षणात, कारण त्याला पुस्तक नव्हतं.

गोदूबाईंनी ही बातमी शेवग्याच्या शेंगा मोडत मोडत, अगदी शांतपणे दिली. मग म्हणाल्या, "पोरगा नववीतच बसला तर पुस्तकं त्यालाच लागतील की, जयतीर्थ. मी तरी काय करू?"

जयतीर्थाने तिथेच हिशोब मांडला. विसार बुडणार हे एक. जूनमध्ये दुसरीकडे कुठे संच मिळायचा नाही, कारण बाकीची सगळी नववी एव्हाना राखली गेली होती, हे दुसरं. म्हणजे नवी पुस्तकं घ्यावी लागणार, पूर्ण किमतीत. आता गंमत बघा, पोरीला नेमकं तेच हवं होतं, आणि घरबसल्या तेच घडत होतं. पण त्याला ते दिसलं नाही. त्याला दिसत होते ते फक्त जास्तीचे नव्वद रुपये आणि मागच्या ओळीतल्या लोकांचे हसरे चेहरे.

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, बाबा हर्षा, मर्जीप्रमाणे उघड पुस्तकं आणि लाग अभ्यासाला. जयतीर्थाच्याही ते मनात येऊन गेलं. पण कारखान्यात एक नियम होता की एका पार्टीसाठी राखलेल्या मालाला हात लावायचा नाही. अगदीच नड आली तर दुसरा माल काढायचा. पंधरा वर्षांत हा नियम त्याने मोडला नव्हता. तर या गृहस्थाने काय केलं, तर शनिवारी हुबळीला जाऊन नववीचा नवा कोरा संच विकत आणला. हर्षाला अभ्यासासाठी. म्हणजे राखलेली पुस्तकं राखलेलीच राहतील आणि पोरगाही पास होईल. एकशे ऐंशी रुपये मोजले, आणि मोजताना त्याला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटत होतं.

दार वेदश्रीने उघडलं. कागदात बांधलेला गठ्ठा तिने त्याच्या हातातून घेतला, सुतळी सोडली, वरचं पुस्तक उघडून नाकाशी नेलं. तिचा चेहरा असा काही फुलला की जयतीर्थाला तोंड उघडवेना. वर्षाच्या मध्येच नववीची पुस्तकं कशी आली, हे तिच्या डोक्यात आलं नाही. आलं असेल तर तिने ते बाजूला सारलं.

"माझी?" तिने विचारलं.

"हर्षाची," जयतीर्थ म्हणाला. "अभ्यासाला."

तिने पुस्तक मिटलं, कागद होता तसा गुंडाळला, सुतळीला गाठ मारली आणि गठ्ठा टेबलावर ठेवून दिला. रडली नाही, रुसली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, समजुतीचे दोन शब्द तरी सांगता आले असते. जयतीर्थाला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणसं करतात तेच त्याने केलं, उगाच मोठमोठ्याने बोलायला लागला. हा सगळा आटापिटा तुझ्यासाठीच चाललाय, तुला नववीला हात न लागलेली पुस्तकं मिळणार आहेत, तीही निम्म्यात. इंदुमती आतून सगळं ऐकत होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, एवढंच ती म्हणाली, आणि तीही कोंबडी शेजारणीची.

पण नुसती पुस्तकं आणून कुणी पास होत नाही. हर्षा नवी पुस्तकंही निम्मीच उघडायला लागला, सवयीने. शेवटी जयतीर्थानेच त्याला शिकवायला घेतलं. रोज सहाच्या बसने तारिहाळहून यायचा, पाय धुवायचा आणि हर्षाला समोर बसवायचा. त्याचं गणित चांगलं होतं, धीर मात्र बेताचा. पुस्तक कन्नडमध्ये, शिकवणं कन्नडमध्ये आणि रागावणं मराठीत, कारण रागावायला आपलीच भाषा लागते. पण तोंडाने रागावलं की हर्षा हिरमुसायचा, आणि हिरमुसला की त्याला भूक लागायची. म्हणून जयतीर्थ तोंड मिटून पेन्सिलीने समासात लिहायला लागला. ही पुस्तकं वापरायचीच होती, त्यांची कसली दयामाया.

भूक तरी लागायचीच. इंदुमती कधी उप्पीट करायची, कधी मिरचीची भजी, आणि महिन्याचं तेल वीस तारखेला संपायला लागलं. शंका तर हर्षाला ढीगभर यायच्या, पण गणिताच्या नव्हेत. एका नळाने टाकी भरायला चार तास लागतात, असं उदाहरण होतं. हर्षाने विचारलं की आपल्याकडे पाणी आठवड्यातून एकदा दीड तास येतं, मग ही टाकी भरेल कशी? जयतीर्थाने ते उदाहरण सोडून पुढचं घेतलं, कारण मुद्दा बिनतोड होता.

वेदश्री या वेळात स्वयंपाकघराच्या दारात बसून आपलं आठवीचं काम करायची. हर्षा उत्तर शोधत छताकडे बघत असायचा, तेवढ्यात ती वहीच्या मागच्या पानावर तेच नववीचं गणित सोडवून मोकळी व्हायची आणि मान वर करून बापाकडे बघायची. जयतीर्थ हातानेच खूण करायचा, तू तुझं कर. तिला शिकवायची गरजच कुठे होती? त्याला तिचा अभिमान होता, अगदी आतून होता, पण अभिमान बाळगायला वेळ कुणाला. सगळा वेळ हर्षाच्या वजाबाकीत जात होता.

मार्चमध्ये परीक्षा आली तेव्हा गणिताच्या दिवशी जयतीर्थाने अर्धी रजा टाकली आणि लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभा राहिला. हर्षा बाहेर आला आणि बाटली एका दमात संपवली. मागोमाग वेदश्री आली. तिचीही परीक्षा होतीच की, त्याच शाळेत. जयतीर्थाने रिकामी बाटली पिशवीत घातली आणि पेपर कसा गेला म्हणून विचारलं. ती म्हणाली, गेला.

एप्रिलच्या दहा तारखेला निकाल लागला आणि हर्षा चक्क पास झाला. गणितात एक्केचाळीस. जयतीर्थाचे पाय जमिनीला लागेनात. कारखान्यात त्याने पेढे वाटले. लोक विचारायला लागले, तुला मुलगा कधी झाला? वेदश्री पहिली आली होती, तेही त्याने सांगितलं, पण पेढे संपत आल्यावर.

संध्याकाळी उरलेले पासष्ट रुपये खिशात घालून तो गोदूबाईंकडे गेला. त्यांनी गठ्ठा आणून पुढ्यात ठेवला. वरच्या पुस्तकाचं कव्हर गेलेलं, कोपरे वळलेले, मधोमध भज्याच्या तेलाचा हा एवढा डाग. तो डाग जयतीर्थाने लगेच ओळखला, घरचाच होता. म्हणाला, ही नव्हेत, ती दुसरी, फडक्याखालची. गोदूबाई म्हणाल्या, ती विकली की. परवा हेमावतीबाई आल्या होत्या. हात न लागलेली पुस्तकं बघून त्यांनी पाऊण किंमत दिली.

ती माझी राखलेली होती, असं जयतीर्थ म्हणाला.

"राखलेली कुठली?" गोदूबाई म्हणाल्या. "हर्षा ज्यावर शिकेल ती पुस्तकं तुझी, असं ठरलं होतं. शिकला तो यावर. त्यांना तर त्याने बोट लावलं नाही, तूच लावू दिलं नाहीस."

जयतीर्थाने या बोलण्यात फट शोधली. सापडली नाही. मग म्हणाला, ही तर मीच विकत आणलेली. तर म्हणे, पोराला प्रेमाने दिलेली वस्तू कुणी अशी बोलून दाखवतं का. मग म्हणाला, पानोपानी खरडलंय, तिसरा हिस्साच देईन. गोदूबाईंनी एक पान उघडून त्याच्या नाकासमोर धरलं. खरड होती, पण पेन्सिलीची होती. आणि पेन्सिल चालते हे कलम त्याचंच. त्याने पासष्ट रुपये काढून दिले. गोदूबाईंनी ते दोनदा मोजले, 'आयतु', म्हणजे झालं, असं म्हणाल्या, आणि एकदम त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराचा बाप महिन्यातले वीस दिवस गाडीवर, तू नसतास तर हा वाया गेला असता, असं त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं. त्यामुळे धड भांडताही आलं नाही.

स्वतः विकत घेतलेली नवी पुस्तकं, स्वतःच्या हाताने खराब करून, स्वतःच पुन्हा निम्म्या किमतीत घ्यायची. अशी खरेदी तारिहाळच्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीत आजवर कुणी केली नसेल.

घरी येऊन तो पाटावर बसला आणि दोघींना सगळं खरं खरं सांगून टाकलं. लपवलं काही नाही. शेवटी म्हणाला, मी मूर्ख आहे. इंदुमती तोंडाला पदर लावून घाईघाईने आत गेली. वेदश्रीने गठ्ठा उचलला आणि तीही खोलीत गेली.

थोड्या वेळाने खोलीतून हुंदक्यासारखे आवाज यायला लागले. आपल्या पोरीने उभ्या आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि आपण ती आणून शेजारच्याला दिली, वर तिची लक्तरं हिच्या हातात ठेवली, हे जयतीर्थाला आता लख्ख दिसत होतं. तो उठून दारात गेला. वेदश्री उशीत तोंड खुपसून हसत होती. हसून हसून तिला दम लागला होता. बापाला बघून तिने पुस्तक वर धरलं आणि वाचून दाखवायला लागली.

गणितात लिहिलं होतं, 'गाढवा, एक्स म्हणजे गुणाकार नव्हे. हे सातव्यांदा.' इतिहासात, 'हा राजा मेला. मागच्याच पानावर मेला. त्याला पुन्हा लढाईवर पाठवू नकोस.' विज्ञानात, 'बेडकाला चार पाय असतात. पटत नसेल तर अंगणात जाऊन मोजून ये.' त्याखाली दुसऱ्या दिवशीचं, 'मोजायला जाऊन दोन तास खेळलास, ते मला कळलं.' जयतीर्थाला स्वतःलाच हसू यायला लागलं. मग तिने आणखी एक पान उलटलं आणि वाचता वाचता थांबली. तिथे लिहिलं होतं, 'शाब्बास गाढवा. आज सगळं बरोबर.'

तिचं हसू ओसरलं. पानावर बोट ठेवून ती म्हणाली, "मला तुम्ही असं कधी शिकवलं नाहीत, अप्पा."

"तुला गरज कुठे होती?"

"होती की."

जयतीर्थाने सांगितलं की उद्याच्या उद्या हुबळीला जाऊन तिच्यासाठी नवा संच आणतो, पूर्ण किमतीचा, घासाघीस न करता, आणि ही लक्तरं रद्दीत घालू. वेदश्रीने विचार केला. नवी आणा, ती नाही म्हणणार नव्हती, नाही म्हणायला ती काही वेडी नव्हती. पण ही रद्दीत द्यायची नाहीत. आतून इंदुमतीचा आवाज आला की एका नववीला अडीच संच झाले, दहावीला घर विकावं लागेल. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

जयतीर्थ चटईवर तिच्यासमोर बसला. गणिताचं पुस्तक ओढलं, पूर्ण उघडलं, पाठीचा कणा मोडेल असं उघडलं, आणि तिला एक उदाहरण घातलं. तिने सोडवलं. दुसरं घातलं, तेही सोडवलं. हर्षाला तीन दिवस पुरलेलं घातलं, ते तिने तोंडीच सांगितलं. आता शिकवायचं काय, हे त्याला सुचेना. शेवटी काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, सात आठे किती?

वेदश्रीने त्याच्याकडे नीट बघितलं.

"चौपन्न," ती म्हणाली.

जयतीर्थाने चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"गाढव कुठली," तो कसाबसा म्हणाला. "छप्पन्न."

वेदश्रीने पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. "इथे लिहा," ती म्हणाली.